दुकानाच्या पत्त्यावर सट्ट्याची पाटी: डोमेन परत मिळवायचं तर

ऐन भाजणीच्या दिवसांत रामबागेतल्या एका काकूंचा फोन आला. "अरे, गिऱ्हाइकं विचारताहेत, काकू तुम्ही सट्टा कधीपासून घ्यायला लागलात?" मला आधी थट्टाच वाटली. मग त्यांच्या पाकिटावर छापलेला पत्ता मोबाइलवर उघडला. जिथे चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला असायचा, तिथे गरगर फिरणारं चक्र, क्रिकेटचे भाव आणि 'पहिल्या भरण्यावर दुप्पट' अशी हाक. सट्टा इंदूरला नवा नाही. पण पूर्वीचा खाईवाल निदान स्वतःच्या ओट्यावर बसायचा, दुसऱ्याच्या पाटीखाली नाही.

मी वकील नाही. छोट्या दुकानांच्या साइट उभ्या करणं आणि सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे अशी प्रकरणं वकिलाकडे पोचायच्या आधी माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा महत्त्वाचं काहीतरी बिघडवूनच येतात. पुढे लिहिलंय ते त्यासाठी. वकील पुढे लागेलच, पण त्याच्याकडे जाताना हातात काय असावं आणि तोवर काय करू नये, ते आधी कळलेलं बरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. अशा प्रकरणात माणूस 'ते जुगारी आहेत हो!' इथेच अडकतो. निर्णय देणाऱ्याला त्यात फारसा रस नसतो. तो विचारतो, नाव कोणाचं, कधीपासून, आणि कागद कुठे आहे? सगळी लढाई तारखांची आहे.

आधी बघा, डोमेन खरंच गेलंय का

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ज्या कंपनीकडून घेतला (तिला रजिस्ट्रार म्हणतात) तिच्याकडच्या आपल्या खात्यात लॉग-इन करा. डोमेन अजून आपल्याच नावावर दिसत असेल आणि साइट मात्र बदललेली असेल, तर हा ट्रेडमार्कचा वाद नाही, कोणीतरी आत घुसलंय. पासवर्ड बदला, होस्टिंगवाल्याला कळवा, डीएनएसच्या नोंदी (पत्ता कुठल्या सर्व्हरकडे जातो त्या) जुन्याशी ताडून बघा. गोष्ट तिथेच मिटते.

खात्यात डोमेन नसेल तर जगभरच्या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर त्याची नोंद काढा. पूर्वी याला 'हूइज' म्हणत. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी त्याची जागा 'आरडॅप' या नव्या पद्धतीने घेतली आहे. मालकाचं नाव तिथे बहुधा दिसणार नाही, कारण २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा आल्यापासून ते झाकलेलं असतं. हिरमुसू नका, आपल्याला हव्यात त्या तारखा. नोंदणीची तारीख अलीकडची असेल तर नाव पूर्ण सुटलं होतं आणि कोणीतरी नव्याने घेतलं. नोंदणी जुनीच, पण रजिस्ट्रार बदललेला असेल तर ते लिलावात विकलं गेलं असण्याची शक्यता जास्त. हा फरक पुढे फार कामाला येतो.

नोंदीत 'रिडेम्प्शन पीरियड' असं दिसलं तर हे सगळं वाचत बसू नका, आधी पैसे भरा. डॉट कॉमची मुदत संपली की ते त्याच दिवशी हातचं जात नाही. रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत सवलत देता येते, मग ३० दिवस दंड भरून सोडवून घ्यायचे, मग ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर नाव बाजारात. पण सवलतीचे ४५ दिवस हा तुमचा हक्क नव्हे. बरेच रजिस्ट्रार त्याच काळात नाव लिलावाला लावतात.

काकूंच्या बाबतीत नेहमीचंच झालं होतं. साइट पुतण्याने करून दिली, खातं त्याच्या कॉलेजच्या ई-मेलवर, पुतण्या नोकरीला पुण्याला. मुदत संपत आल्याची पत्रं कोणीही न उघडणाऱ्या पेटीत पडत राहिली.

सट्टेवाल्यांना भाजणीच्या पत्त्याचं काय काम, हे काकूंनी मला तीनदा विचारलं. उत्तर सोपं आहे. जुन्या पत्त्याकडे येणारे दुवे असतात, गूगलकडे त्याची पत असते, आणि रोज येणारी माणसं असतात. नव्या पत्त्याला ही पत कमवायला वर्षं लागतात. शिवाय त्यांचे स्वतःचे पत्ते सतत ब्लॉक होत असतात, म्हणून सुटलेल्या नावांवर त्यांची नजर असते.

पुरावा गोळा करा, तोंड बंद ठेवून

सगळ्यात मोठी चूक इथे होते. माणूस चिडून त्या साइटच्या चॅटवर जातो आणि केस करीन म्हणून धमकी देतो. दुसऱ्या दिवशी पान कोरं, किंवा डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे. रीतसर तक्रार दाखल झाली की रजिस्ट्रार डोमेनला कुलूप घालतो, मग ते हलवता येत नाही. तोपर्यंत त्यांना चाहूल लागू द्यायची नाही.

'कितीला देता?' असंही आपण होऊन विचारू नका. त्यांनी स्वतःहून अवाच्या सवा किंमत सांगितली तर तो त्यांच्या बदनियतीचा पुरावा ठरू शकतो. तुम्हीच भाव विचारलात तर त्याची धार जाते.

पानांचे स्क्रीनशॉट घ्या, पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असे. आपल्या फोनवर आणि दुसऱ्याच्याही, कारण या साइट कधीकधी मोबाइलवर एक आणि कंप्यूटरवर दुसरंच दाखवतात. आरडॅपची नोंद पीडीएफ करून ठेवा. मग इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आपली जुनी साइट शोधा. वर्षानुवर्षांच्या प्रती तिथे तारखेसकट असतात, आणि २०१९ च्या दिवाळीत तुमच्या पानावर भाजणीचा फोटो होता हे त्याहून सोप्या रीतीने सिद्ध होत नाही.

आता खरी मेख. गूगलमध्ये 'site', मग कोलन (:), मग डोमेन, असं मध्ये जागा न सोडता इंग्रजीत टाकून त्या पत्त्याखालची सगळी पानं काढा. पत टिकावी म्हणून हे लोक पुष्कळदा जुनी पानं तशीच ठेवतात, फक्त मुखपृष्ठ बदलतात. काकूंच्या अनारशाच्या कृतीचं पान जसंच्या तसं होतं, खाली सट्ट्याचं बटण चिकटवलेलं. ते दिसताच मला बरं वाटलं. नाव योगायोगाने सुचलं, असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं.

प्रकरण न्यायालयात गेलं तर या प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या ६५-ब च्या जागी १ जुलै २०२४ पासून हे आलं. त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा) द्यावं लागतं, म्हणून मूळ फाइली मोबाइलवरून इकडेतिकडे पाठवून त्यांचा लगदा करू नका. एका पेन ड्राइव्हवर घ्या आणि ठेवून द्या.

नाव आपलं आहे हे कशावरून

ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर लांबचा रस्ता आहे, पण बंद नाही. नाव कधीपासून वापरताय आणि लोक त्या नावाने तुम्हाला ओळखतात का, हे दाखवावं लागतं. जुनी बिलं, अन्न परवाना, जीएसटीचा दाखला, पाकिटं छापणाऱ्याची पावती, प्रदर्शनात लावलेल्या स्टॉलची पावती, मंडळाच्या स्मरणिकेतली जाहिरात, सगळं चालतं. काकूंच्या घरी नवऱ्याने सगळ्या पावत्या लोखंडी तारेला टोचून ठेवल्या होत्या. त्या तारेवर १९९८ पासूनचा इतिहास निघाला. आम्ही एक दुपार त्यातच घालवली.

नोंदणी अजूनही करून घ्या. इंदूर आणि ग्वाल्हेरचे अर्ज ट्रेडमार्क नोंदणीच्या मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतात. बडोद्याच्या मंडळींचं कार्यालय अहमदाबादचं. एकटा मालक किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. मसाले-पिठं ३० व्या वर्गात, जुगार आणि करमणूक ४१ व्या. अर्ज जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात, आणि नोंदणी मिळाली की ती दहा वर्षं चालते. आपलं नाव आधीच कोणी नोंदलंय का, ते अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं.

नुसता अर्ज केला म्हणजे हक्क मिळाला नाही. काल अर्ज टाकून आज डोमेनची तक्रार करायला निघालेले मी पाहिलेत. डोमेनच्या तक्रारीवर निर्णय देणारं पॅनेल अशा अर्जाला भाव देत नाही. आणि नोंदणी हातात येण्याआधी नावापुढे गोलातला 'आर' लावू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

नाव फारच सर्वसाधारण असेल तर मात्र कठीण. 'इंदुरी', 'सराफा', 'घरगुती मसाले' ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. रतलामी शेवेला भौगोलिक चिन्हांकन आहे, पण म्हणून कुठलं एक दुकान 'रतलामी' हा शब्द कुलपात घालू शकत नाही.

तीन प्रश्न

डॉट कॉम, डॉट नेट वगैरेंसाठी आयकॅनने १९९९ मध्ये डोमेनचे वाद सोडवायचं एक धोरण मंजूर केलं, त्याला यूडीआरपी म्हणतात. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि तिन्ही. डोमेन तुमच्या चिन्हासारखंच, म्हणजे ट्रेडमार्कसारखंच, आहे किंवा गोंधळ व्हावा इतकं जवळचं आहे. समोरच्याचा त्या नावावर हक्क किंवा रास्त संबंध नाही. आणि त्याने ते बदनियतीने नोंदलं आणि बदनियतीने वापरतोय.

तिसऱ्यातला 'आणि' फार जणांना आडवा येतो. समोरच्याने नाव घेतलं तेव्हा तुमचं चिन्ह अस्तित्वातच नसेल, तर त्याच्या मनात तुमच्याविषयी वाईट असणार कसं? इथे डोमेन पहिल्यांदा कधी नोंदलं गेलं ते बघत नाहीत, आत्ताच्या माणसाच्या हातात कधी आलं ते बघतात. म्हणून मघाची तारीख. काकूंची साइट, त्यांचा वापर आणि पाकिटं या तारखेच्या कितीतरी आधीची होती.

जुगाराच्या कंपन्या आपसात भांडतात तेव्हाही प्रश्न हेच असतात. मोनॅकोच्या मोंटे कार्लोचं जुनं कसिनो सोसिएते दे बां द मेर ही कंपनी चालवते. पाच ऑनलाइन जुगार कंपन्यांनी त्या कसिनोच्या नावाचे ५३ पत्ते घेतले होते, आणि साइटवर त्याच कसिनोचे आतबाहेरचे फोटो लावले होते. पॅनेलने निकाल मोनॅकोच्या बाजूने दिला. त्यावर पाचही कंपन्या अमेरिकेत व्हर्जिनियाच्या न्यायालयात गेल्या. तिथेही हरल्या, आणि २००३ मध्ये अपीलही हरल्या: ५३ पैकी ४३ पत्ते द्यायचे, वर ५१,००० डॉलर. मोंटे कार्लो हे तर गावाचं नाव, ते एका कंपनीचं कसं, हा मुद्दा निघालाच. पण लोकांच्या मनात 'कसिनो द मोंटे कार्लो' म्हणजे तेच एक घर, इतकी ओळख वापराने तयार झाली होती, असं न्यायालयाने मानलं. जुगार चांगला की वाईट यावर निकाल फिरला नाही. आमच्या काकूंची लोखंडी तार आणि मोनॅकोच्या जाहिराती शेवटी एकच काम करत होत्या.

म्हणून यूडीआरपीच्या तक्रारीत जुगारावर निबंध लिहू नका. कितीतरी देशांत तो परवान्याने चालतो आणि पॅनेलवरचा माणूस कुठल्याही देशाचा असू शकतो. लिहायचं ते हे: आमच्या नावाची पत वापरून, आमची पानं तशीच ठेवून, आमची गिऱ्हाइकं स्वतःच्या धंद्याकडे वळवली जाताहेत.

डॉट इनचा रस्ता वेगळा

पत्ता डॉट इन असेल तर यूडीआरपी नाही, आयएनडीआरपी. डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडे तक्रार करायची, ती लवाद नेमते, आणि निवाडा १९९६ च्या लवाद कायद्याखाली येतो. तीन प्रश्न जवळपास तेच, पण दोन फरक आपल्या बाजूचे आहेत. इथे 'नोंदलं किंवा वापरतोय', एकच पुरे. आणि बदनियतीच्या जोडीला 'बेकायदा कामासाठी' हे शब्द आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरातीलाही शिक्षा. तेव्हा जुगाराचा मुद्दा ठणकावून मांडायचा असेल तर तो इथे मांडा.

खर्चाचं बोलू. यूडीआरपीची तक्रार जिनिव्हाच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे केली तर एका सदस्याच्या पॅनेलची फी १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. तिघांचं पॅनेल ४,०००. वकील वेगळा. समोरच्याला उत्तराला २० दिवस, पॅनेल नेमल्यावर निर्णयाला साधारण १४. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी रजिस्ट्रार दहा कामाचे दिवस थांबतो, समोरचा न्यायालयात जातोय का ते बघायला. सगळं धरून दोनेक महिने. नुकसानभरपाई एक पैसाही मिळत नाही, फक्त नाव मिळतं किंवा रद्द होतं. वर्षाला चाळीस हजारांची भाजणी विकणाऱ्याने हे पैसे घालावेत का, हा प्रश्न वकील विचारणार नाही. तुम्हीच स्वतःला विचारा.

कज्जा भाषेचाही असतो. डोमेनचा करार ज्या भाषेत, त्या भाषेत कामकाज, असा यूडीआरपीचा नियम. रजिस्ट्रार चिनी असेल तर करार चिनी असू शकतो. मग इंग्रजीत चालवण्याची विनंती कारणांसकट आधीच जोडा.

आणि उगाच तक्रार करू नका. समोरच्याचं नाव रास्त आहे हे माहीत असून दबावासाठी तक्रार केली, तर पॅनेल निकालपत्रात तसं स्पष्ट नोंदवतं. ती नोंद कायमची जगजाहीर राहते.

न्यायालयात कधी जायचं

नुकसानभरपाई हवी असेल, किंवा एकाच माणसाने तुमच्या नावाचे दहा पत्ते काढले असतील, तेव्हा. डोमेनला ट्रेडमार्कचं संरक्षण मिळतं हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात सांगून टाकलंय. त्यामुळे चिन्ह नोंदलेलं नसलं तरी 'पासिंग ऑफ' म्हणून, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावा लागतो. नोंदलेलं असेल तर मोठी सोय आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथेच दावा लावता येतो. समोरचा कॅरिबियनमधल्या कुराकाओ बेटावर बसलेला असो, तारीख इंदूरला पडते.

समोरच्याचं नावच माहीत नसेल तरी अडत नाही. अनोळखी प्रतिवादीविरुद्धच्या आदेशाला परदेशात 'जॉन डो' म्हणतात, आपल्याकडे 'अशोक कुमार'. या नावाच्या भल्या माणसांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे.

व्यापारी न्यायालयात दावा लावण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा मनाईहुकूम मागत असाल तरच सूट. तातडी मागायची तर तीन महिने गप्प बसून चालत नाही, हे उघडच आहे.

आणि रजिस्ट्रार कुठल्या देशातला आहे ते बघा. बोडॉग या मोठ्या ऑनलाइन जुगार कंपनीचा मुख्य पत्ता २००७ मध्ये पेटंटच्या एका खटल्यात अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाने हातचा गेला. कंपनी अमेरिकेबाहेरची, पण रजिस्ट्रार तिथला होता. उलट इंदूरचा हुकूम परदेशी रजिस्ट्रार मानेलच असं नाही. अशा वेळी यूडीआरपी बरी, कारण ती रजिस्ट्रारच्या करारातच असते.

दरम्यान गिऱ्हाइकं

रजिस्ट्रारच्या 'अब्यूज' (गैरवापराच्या तक्रारींच्या) पत्त्यावर तक्रार टाका, पण फार आशा ठेवू नका. एप्रिल २०२४ पासून आयकॅनने रजिस्ट्रारांवर कारवाईची सक्ती केली ती फिशिंग, मालवेअर अशा गोष्टींसाठी, नुसत्या सट्ट्याच्या पानासाठी नाही. त्या पानावर तुमच्या नावाने कोणाचे पैसे घेतले गेले असतील तर त्या गिऱ्हाइकाला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. आणि ती तक्रार नोंदल्याची प्रत तुमच्याकडेही घ्या, पुराव्याच्या फाइलमध्ये तिची किंमत मोठी आहे.

गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीतला पत्ता बदला. क्यूआर कोड तपासा, तो लोक विसरतात आणि तोच काउंटरवर चिकटलेला असतो. व्हॉट्सॲपवर एक साधा निरोप पाठवा: आमची जुनी साइट आता आमची नाही. त्यात समोरच्याचं नाव नको, शिव्या नकोत.

उलट नोटीस तुम्हालाच आली तर? विजयनगरच्या एखाद्या पोराने हौसेने एखाद्या मोठ्या खेळाच्या ॲपसारखं नाव घेऊन ठेवलेलं असतं, पुढेमागे विकू म्हणून. वीस दिवस मोजून घ्या आणि उत्तर द्या. उत्तर नाही दिलं की पॅनेल फक्त एकाच बाजूचे कागद बघतं. नाव तुमच्या आडनावाचं असेल, किंवा नोटिशीच्या आधीपासून त्यावर खरा धंदा चालत असेल, तर तो बचाव आहे. विकायलाच घेतलं असेल तर निमूट देऊन टाका, भिया.

काकूंनी शेवटी काय केलं? सव्वा लाख ऐकून त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आधी ट्रेडमार्क करू, सून म्हणते तसं डॉट इन घेऊ, आणि पुढच्या वर्षी जमलं तर त्यांना बघू. मला ते पटलं. नवं डोमेन काकूंच्याच ई-मेलवर घेतलं, सुनेचा फोन दुसरा संपर्क म्हणून, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून, आपोआप नूतनीकरण चालू आणि हस्तांतराला कुलूप. पुराव्याचा पेन ड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे. छापून आलेल्या तीन हजार पाकिटांवर दोघी रोज दुपारी नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावताहेत, परवा गेलो तेव्हा मलाही एक गठ्ठा मिळाला.